कुलूप पिकिंग शिकायचंय? आधी घरातलं कुलूप खाली ठेवा

पिकिंग म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडणं. त्यात सगळ्यात पहिली चूक सगळे तीच करतात, मीपण केली. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघायचा, कपाटावरचं पितळी कुलूप घ्यायचं आणि हेअरपिन घालून खुडखुड करत बसायचं. तासभर झाला तरी ढिम्म. कारण साधं आहे, आपल्याकडची बरीचशी कुलपं, म्हणजे गोदरेजचं नवताल घ्या किंवा अलीगढची पितळी घ्या, ही लिव्हरची असतात. गोल दांडी आणि टोकाला खाचांचं पान अशी किल्ली दिसली की समजायचं लिव्हर. आणि व्हिडिओत दाखवतात ती सगळी पिन टंबलर, चपटी किल्ली आणि वरच्या धारेवर करवतीसारखे दात. दोन्हींचं आतलं यंत्रच वेगळं, हत्यारंही वेगळी. सुरुवात पिनवाल्यापासूनच करायची.

तर बाजारातून चपट्या किल्लीचं एखादं स्वस्त छोटं कुलूप आणा, जितकं फालतू तितकं चांगलं. पारदर्शक प्रॅक्टिस लॉक ऑनलाइन मिळतं, ते आत काय चाललंय हे बघण्यापुरतं भारी आहे पण फार ढिलं असतं, त्यावर दोन दिवसांत तुम्ही स्वतःला उस्ताद समजायला लागता आणि मग खरं कुलूप जमिनीवर आणतं.

आत काय असतं ते डोक्यात बसलं पाहिजे, नाहीतर नुसती खुडखुड. किल्ली जाते तो गोल फिरणारा भाग म्हणजे प्लग. त्याच्यावर एका ओळीत चार-पाच भोकं, प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग. किल्लीचे दात प्रत्येक जोडी बरोबर इतकीच उचलतात की दोन पिनांमधला सांधा प्लगच्या कडेला येतो, सगळे सांधे एका रेषेत आले की प्लग फिरतो. आता गंमत अशी की ही भोकं कारखान्यात कितीही नीट पाडली तरी एकदम सरळ ओळीत येत नाहीत, केसभर इकडेतिकडे होतातच. त्यामुळे प्लगला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती बसवली की प्लग किंचित सरकतो आणि पुढची अडकते. पिकिंग म्हणजे एवढंच, बाकी सगळा सराव.

हत्यारं दोनच लागतात. एक एल आकाराची पट्टी, टेन्शन रेंच, आणि एक टोकाला किंचित वळलेला हुक. पंधरा तुकड्यांचा सेट घेऊ नका, त्यातले बारा तसेच पडून राहतात. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबराला स्टीलची बारीक पट्टी असते, ती घासूनपण रेंच छान होतो.

रेंच किल्लीच्या फटीत घालून किल्ली फिरते त्या दिशेला अगदी हलका दाब द्या. हलका म्हणजे किती, तर बोटाचं नख पांढरं पडत असेल तर तो जास्तच झाला. नवशिक्यांचं नव्वद टक्के इथेच बिघडतं, उघडत नाही म्हणून अजून जोर लावतात आणि सगळ्याच पिना घट्ट धरल्या जातात. मग हुकने एकेक पिन चाचपडत जायची. बाकीच्या स्प्रिंगसारख्या वरखाली होतील, एक कडक लागेल, तीच अडकलेली. ती हळू उचला, बारीक टिक येईल, बोटाला जाणवेल. लगेच थांबा, जास्त उचलली तर वर जाऊन बसते आणि मग रेंच सोडून पहिल्यापासून. मग पुढची कडक पिन शोधा. पिना ओळीने बसत नाहीत, आधी तिसरी मग पहिली असंही होतं. टीव्ही बंद ठेवा, डोळे मिटून केलं तर अजून बरं.

दमलात तर हॉब्जला आठवा. १८५१ साली लंडनमध्ये या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचं प्रसिद्ध कुलूप उघडलं, त्याला ५१ तास लागले होते, ते पण १६ दिवसांत मिळून.

आणि हो, कुलूप स्वतःचंच पाहिजे आणि वापरातलं नको. मी घरच्या लॅचवर हौस भागवायला गेलो, हुकचं टोक आत तुटलं, किल्ली जाईना, आणि बाबांनी चावीवाला आणला तो दीड तास माझ्याकडे बघत हसत होता.

पहिलं कुलूप उघडलं की लगेच दुसरं घेऊ नका, तेच दहा वेळा उघडा, कारण पहिल्यांदा बहुतेक वेळा नशिबानेच उघडतं. पुढे जरा महाग कुलूप घेतलंत की एक नवीन प्रकार दिसेल, प्लग थोडासा फिरतो, वाटतं उघडलं, आणि तिथेच अडकतो. आत कंबरेत बारीक असलेल्या स्पूल पिना असतात त्यांचा हा डाव. तेव्हा रेंचवरचा दाब थोडा सैल करत ती पिन उचलायची, प्लग उलटा सरकताना बोटाला जाणवेल, घाबरून परत जोर लावू नका, सरकू द्या.