विदर्भातल्या उन्हात बिअर्डेड ड्रॅगनचं घर: आधी गारवा, मग बल्ब

बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा पाळायचा म्हटलं की जो तो आधी बल्बचं सांगतो: कोणता घ्यावा, किती वॉटचा घ्यावा. थंड मुलखातल्या घरांना ते ठीक आहे. आमच्या आर्वी तालुक्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, नेमकी दुपारीच लाइन जाते आणि टिनाखालच्या खोलीत माणसाला बसवत नाही. इथे पेटीत आधी गारव्याची जागा करायची, बल्ब नंतर. मी वायरमन आहे. माझ्या मुलीचा ड्रॅगन, भुऱ्या, आमच्या मधल्या खोलीत असतो आणि त्याची पेटी मीच बांधली.

हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला. म्हणून त्याला कितीही ऊन चालतं असा समज आहे, आणि तो जीवघेणा आहे. तिकडे रानात तो सकाळी ओंडक्यावर, कुंपणाच्या खांबावर ऊन खातो आणि तापलं की बिळात नाहीतर झुडपाखाली शिरतो. अंगातली ऊब तो स्वतः तयार करू शकत नाही. ऊन-सावलीत ये-जा करूनच त्याचं चालतं. पेटीत ही ये-जा जमली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

पूर्ण वाढलेला ड्रॅगन शेपटीसकट दीड ते दोन फूट भरतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षं सहज जगतो. त्यामुळे पेटी 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच, यापेक्षा लहान नको. लहान पेटीत एक बल्ब लावला की सगळीच पेटी तापते, पळायला जागा उरत नाही. सुताराकडून 18 एमएमच्या प्लायची करून घ्या, पुढे सरकती काच. व्हार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत ती उघडी ठेवा. हवेसाठी थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर बारीक जाळीच्या खिडक्या ठेवा. गरम हवा वरून निघते, गार हवा खालून येते. एका पेटीत एकच प्राणी. दोन नर तर हमखास भांडतात.

पेटी ठेवायची जागा घरातल्या जुन्या माणसांना विचारा. उन्हाळ्यात दुपारी ते जिथे आडवे होतात, तीच जागा. आमच्याकडे ती मातीच्या भिंतींची मधली खोली आहे. पश्चिमेची भिंत नको, चुलीचा धूर नको, आणि फवारणीचा पंप किंवा औषधाचे डबे ज्या खोलीत असतात ती तर मुळीच नको. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, नाहीतर मुंग्या चढतात.

आता बल्ब. एका टोकाला वीट किंवा काळ्या दगडाची लादी, तिच्यावर हॅलोजन बल्ब, थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला बल्ब आपोआप आवरणाऱ्या यंत्रावर. लादीच्या पृष्ठभागाचं तापमान 38 ते 42 अंश, दुसऱ्या टोकाला 24 ते 28. बल्बला जाळीचा पिंजरा करा, अंगाला चटका बसता कामा नये. तापमान हाताने अजमावू नका. टेम्परेचर गनने लादी मोजा आणि थंड टोकाला डिजिटल थर्मामीटर कायमचा लावा. तापणारे नकली दगड विकतात, ते घेऊ नका, पोट भाजतं.

यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, मात्र बाराही महिने हवी. तिच्याशिवाय अंगात डी-3 जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही आणि जबडा-पाय मऊ पडून वाकतात. टी-5 प्रकारची (बारीक नळीची), 10 ते 12 टक्के यूव्हीबीची, पेटीच्या निम्म्या लांबीची घ्या. लादीपासून साधारण 12 ते 15 इंचांवर लावा, पण खोक्यावर कंपनीने दिलेलं अंतर आधी बघा. साधी ट्यूब किंवा एलईडी इथे कामाची नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही नाही, काच ते किरण अडवते. ट्यूब पेटत राहिली तरी तिचा जोर उतरतो, म्हणून सहा महिने ते वर्षाने बदला.

नवतपा सुरू झाला की माझी पद्धत अशी. बल्ब सकाळीच लावतो आणि थंड टोक 30 च्या वर सरकायला लागलं की बंद करतो. ट्यूब चालू राहते. थंड टोकाला लपायला मातीचं जुनं कवेलू पालथं ठेवलंय. दुपारी ते माठातल्या पाण्यात बुडवतो, टपटपणं थांबलं की पुसून परत ठेवतो. ओल सुकता सुकता खालची जागा गार होत जाते. भुऱ्या आत शिरून पोट जमिनीला टेकवतो, मागचे पाय सरळ ताणतो आणि डोळे मिटतो. खोलीत कूलर चालतो, पण त्याचा झोत पेटीवर नसतो. लाइन गेली की इन्व्हर्टरवर एक पंखा आणि पेटीच्या बाहेरच्या बाजूला ओलं पोतं. लादीवर बसून तो तोंड उघडतो ते साधं आहे. गार कोपऱ्यात बसूनही तोंड उघडं असेल तर त्याला ऊन बाधतंय, लगेच गार जागी हलवा.

पावसाळ्यात उलटं. त्याला 30 ते 40 टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे जुलैत हवा ओलीचिंब असते. तेव्हा कूलर बंद, ओलं कवेलू बंद, पाण्याची वाटी लहान, जाळीच्या खिडक्या मोकळ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री पेटी 18 च्या खाली जायला लागली तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावा. रात्री कुठल्याच रंगाचा दिवा नको.

खाली फरशीचा तुकडा किंवा वर्तमानपत्र. वाळू नको, विशेषतः पिल्लाला. घासाबरोबर पोटात जाऊन आतडं अडतं. चढायला बाभळीचा वाळलेला, काटे तासलेला ओंडका द्या.

खाण्याचं थोडक्यात: पिल्लाला किडे जास्त, मोठ्याला पाला जास्त. शेवग्याचा पाला, लसूणघास, केशरी गराचं कोहळं, जास्वंदीचं फूल चालतं. पालक मात्र नको. धुऱ्यावरचे नाकतोडे पकडून घालू नका, पऱ्हाटीवरची फवारणी त्यांच्या अंगात असते. विकतचे क्रिकेट किडे (रातकिडे) कॅल्शियमच्या भुकटीत घोळून द्या. मृगाआधी काजवे घरात येतात, तेव्हा पेटीची फट न फट बघा. काजव्यातल्या विषाने हे प्राणी मेल्याच्या नोंदी आहेत.

प्राणी घेताना विक्रेत्याकडून पावती आणि कागद घ्या, आपल्या वन विभागाकडे विचारा. प्रजाती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये (आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या प्रजातींची यादी) येत असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. हौस म्हणून रानातली घोरपड घरी आणणं हा गुन्हा आहे, ती अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. तालुक्याचे डॉक्टर बैल-बकऱ्यांत मुरलेले असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येईल. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. वाट्या स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नका.

आणि प्राणी आणण्याआधी आठवडाभर पेटी रिकामी चालवा. सकाळी, दुपारी, रात्री दोन्ही टोकांचे आकडे वहीत लिहा. जमलं तर हे उन्हाळ्यात करा, आणि मेच्या दुपारी लाइन नसताना थंड टोक किती वर जातं ते बघा. ते आवाक्यात राहिलं तरच पिल्लू आणा.