गाडीपासून किती आत जायचं? सातारा-सांगलीच्या डोंगरातला परतीचा हिशेब

डोंगरात किती किलोमीटर आत गेलात याला फारशी किंमत नाही. अंधार पडायच्या आत, पाणी संपायच्या आत आणि गुडघे शाबूत असताना गाडीपाशी पोचता येतं का, तेवढं बघायचं. त्यामुळे हिशेब संध्याकाळपासून उलटा मांडायचा. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला पक्षी, फुलं किंवा नुसता डोंगर बघायला जाणाऱ्यांसाठी तो असा.

परतीचा हिशेब सगळ्यात कडक कोण करत असेल तर ते अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात परवाना काढून एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जाणारे शिकारी. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस नव्वद-शंभर किलोच्या घरात जातं. एका माणसाच्या पाठीवर पंचवीस किलो धरलं तरी चार खेपा. जनावर गाडीपासून ५ किमीवर पडलं, तर आत जाणं एकदा, ओझं घेऊन येणं चारदा आणि रिकाम्या पाठीनं परत जाणं तीनदा, अशा आठ फेऱ्या होतात. म्हणजे ४० किमी, त्यातले वीस ओझ्यासकट. एकट्या शिकाऱ्याला किती आत जायचं हे त्याची बंदूक सांगत नाही, पाठ सांगते.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही, आणि तेच बरं. पण परतीचं ओझं आपल्यालाही चुकत नाही. कॅमेरा, मोठी लेन्स आणि तिकाटणं (ट्रायपॉड) मिळून सहा-सात किलो सहज भरतं. त्याहून मोठं ओझं म्हणजे घोटा मुरगळलेला सोबती. पायवाटेवरून माणूस उचलून आणायला चार जण उचलायला आणि चार बदलीला लागतात, आणि तासाला एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. तिघंच गेला असाल तर मदत आणायला एकानं पळायचं, दुसऱ्यानं जखमीजवळ थांबायचं. म्हणून डोंगरात तिघांपेक्षा कमी जाऊ नये.

गाडी लावताना

अर्धी फजिती इथंच ठरते. वाटेत ओढा आडवा येत असेल तर गाडी त्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूला लावा. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, दुपारी वर घाटमाथ्यावर सर पडून गेली की तोच ओढा कमरेला लागतो. माणूस दोन तास थांबून पार होईल, गाडी होणार नाही. जूनपासून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत हा नियम मोडू नका.

वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. फेब्रुवारी ते मे या काळात तापलेल्या सायलेन्सरखालचं गवत पेट घेतं आणि एका गाडीपायी अख्खा माळ जळतो. तोंड परतीच्या दिशेनं करून, गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक ओढून, उतारावर चाकाखाली दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून कडेला टाका, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव त्यावर असतो. बांधावर, खळ्यावर, शेतात उतरणाऱ्या वाटेच्या तोंडावर गाडी नको. वाडीतल्या कुणाला विचारून लावली तर जागाही चांगली मिळते आणि आपण कुठल्या डोंगराला गेलोय हे एका माणसाला माहीत होतं. परत येताना त्यांना सांगूनही जायचं, नाहीतर रात्री बिचारे बॅटऱ्या घेऊन हिंडतील.

किल्ल्या दोन असल्या तर दोघांकडे द्या. रिमोटची किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ती भिजली तर आत दडवलेली लोखंडी किल्ली कशी काढायची हे घरीच बघून ठेवा. गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन, कोरडे कपडे आणि चार्ज केलेली पॉवर बँक राहू द्या.

मागे फिरायची वेळ

डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, मे अखेरीस सातच्या सुमारास. पण सह्याद्रीच्या पूर्व उतारावर सूर्य आधी डोंगराआड जातो. घळीत आणि दाट रानात अर्धा-पाऊण तास आधीच दिसेनासं होतं. त्यामुळे थंडीत गाडीपाशी पाचला पोचायचं असं धरा.

सकाळी आठला निघालात तर हाती नऊ तास आहेत. त्याचे पाच भाग करा: दोन जायला, दोन यायला, एक शिल्लक. नऊ तासांचे दोन भाग म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. तेव्हा ११:३५ ला मागे फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. जेवण, फोटो, वाट चुकणं हे सगळं शिल्लक भागातून जातं. वेळ घरून निघतानाच ठरवा आणि फोनला गजर लावा. डोंगरात ठरवायला गेलं की ‘अजून दहाच मिनिटं’ सुरू होतं.

तेवढ्या वेळात किती अंतर होईल? स्कॉटलंडचा गिर्यारोहक नेस्मिथ यानं १८९२ मध्ये दिलेला नियम सोपा आहे: ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा गाडी ७०० मीटर उंचीवर आहे, सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, १००० मीटरवर आणि वाट ४ किमीची. अंतराची ४८ मिनिटं, चढाची ३०, एकूण १ तास १८ मिनिटं. हा आकडा धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा. आपल्याकडची कारवी, घसरणारी माती आणि करवंदाच्या जाळ्या धरून त्याला दीडपट करा, म्हणजे दोन तास. तासाला २ किमी. या वेगानं साडेतीन तासांत सात किलोमीटर होतात आणि दिवसभराच्या चालीत आत जायची वरची मर्यादा हीच समजा. लहान मुलं असतील किंवा वर्षातून एकदाच चालणारे पाहुणे असतील तर तीन पुरे.

उताराला वेळ कमी लागतो हा समज सोडा. मुरमाच्या घसाऱ्यावर उतरायला चढण्याइतकाच वेळ जातो, आणि गुडघे बोलायला लागले की जास्त.

चढ मोजायचा तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) उंचीच्या २० मीटरच्या अंतरानं असतात. ३०० मीटर चढ म्हणजे पंधरा रेषा. फोनवरच्या बाणाला भुलू नका. तो गाडी ८०० मीटरवर दाखवतो ते सरळ रेषेत. मध्ये घळ असली तर तेच तीन किलोमीटर होतात. आणि घाई झालेला माणूस त्या बाणाच्या दिशेनं घळीत उतरतो, मग वरही येत नाही आणि खालीही जात नाही. वर जाताना ‘ट्रॅक’ नोंदवत राहा आणि परतताना त्या रेषेवर चाला. नकाशा घरीच डाउनलोड करून फोन विमान मोडवर टाका. कोयनेच्या खोऱ्यात रेंज शोधण्यातच बॅटरी संपते.

सड्यावरून खाली उतरायचं तोंड

वाट चुकण्याचं खरं ठिकाण हे. चढताना डोंगराच्या सोंडा एकमेकींना येऊन मिळतात, त्यामुळे कुठूनही चढलात तरी माथ्यावर पोचता. उतरताना त्याच सोंडा फाकतात. वर शंभर पावलांची चूक झाली की खाली भलत्याच खोऱ्यात, भलत्याच गावात उतरता आणि गाडी डोंगराच्या पलीकडे राहते. त्यात सड्यावर गुरांच्या वाटा जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात. ढोरवाट पाण्याकडे नाहीतर चाऱ्याकडे जाते, गावाकडे जाईलच असं नाही.

म्हणून वाट ज्या जागी सड्यावर येते तिथं थांबा आणि मागे वळून बघा. वर येताना पाठीमागे राहिलेलं दृश्य परतताना समोर असणार आहे. फोटो त्याच दिशेनं काढा. एकावर एक तीन दगड रचा. एखादं वेगळं झाड, कातळाची फट, पाणी साचलेलं डबकं ध्यानात ठेवा. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा हे दगडच कामाला येतात. परतताना ते पाडून टाका. दर फाट्यावर असंच करायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात छातीएवढ्या गवतात पायवाट बुडालेली असते, तेव्हा पावलं मोजा: सपाटीला उजवा पाय साधारण ६५ वेळा पडला की १०० मीटर, चढावर ८० वेळा.

धुक्यात तोंड सापडत नसेल तर कड्याच्या बाजूबाजूनं शोधत फिरू नका. शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी परत या, बसा, धुकं हलायची वाट बघा.

पाणी

तासाला अर्धा लिटर धरा, मार्च ते मे पाऊण. नऊ तासांना साडेचार लिटर, म्हणजे साडेचार किलो. जड वाटतं म्हणून लोक दोन बाटल्या घेतात आणि टाक्यांवर भिस्त ठेवतात. गडावरची टाकी फेब्रुवारीनंतर शेवाळलेली किंवा कोरडी निघतात. अर्धं पाणी संपलं की घड्याळात काहीही वाजलं असलं तरी माघारी. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं. अर्ध्या बाटलीत घालून कडक केलं तर फायद्याऐवजी मळमळ होते.

माण, खटाव, जत, कवठेमहांकाळकडचं गणित वेगळं आहे. चढ कमी, वाट दिसते, पण सावलीला झाड नाही. महिमानगड, वर्धनगड, बाणूरचा भूपाळगड किंवा मिरजेजवळचा दंडोबा उन्हाळ्यात करायचा तर पहाटे निघून साडेदहाला गाडीपाशी या. तिथं संध्याकाळऐवजी दुपार ही हद्द.

जिथं अंतर तुमच्या हातात नाही

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय गाडी सोडून एक पाऊलही आत टाकता येत नाही. वासोट्याला तर गाडी बामणोलीलाच राहते, पुढे शिवसागर जलाशयातून होडी आणि मग चढ. तिथं मागे फिरायची वेळ होडीवाला ठरवतो, कारण मुक्कामाला परवानगी नाही. तुमचा पाच भागांचा हिशेब होडीच्या वेळेवरून मांडा. सागरेश्वर अभयारण्य साधारण ११ चौरस किमीचं. तिथं पल्ल्याचा प्रश्न येत नाही, फाटक बंद व्हायची वेळ मात्र विचारून घ्या.

रस्त्याबाहेर घडतं ते

बुटाचा तळ निघणं हे वाटतं त्यापेक्षा फार होतं. पावसाळाभर कपाटात पडलेल्या बुटाचा फोमचा थर आतून कुजतो आणि पहिल्याच उतारावर तळ लोंबायला लागतो. दोन मीटर सुतळी आणि कापडी चिकटपट्टी पिशवीत ठेवा. तळ पुढून-मागून आठच्या आकड्यासारखा बांधला की गाडीपर्यंत निभावतो.

कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर वाट सोडून लांबून जा. खाली धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच. माश्या उठल्याच तर दाट झाडीत पळा. हात झाडत उभं राहिलात तर आणखी येतात.

सड्यावरच्या सुट्या दगडांखाली फुरसं असतं, हात घालताना बघा. साप चावला तर पट्टी करकचून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. चावलेल्याला चालवायचंही नाही, आणि गाडी लांब ठेवल्याची खरी किंमत इथं कळते. रेंज मिळेल तिथून ११२ किंवा १०८ लावा. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प. उत्तर देणाऱ्यानं मिनिटाला तीन.

एकटा गवा वाटेत उभा असेल तर मान खाली घालून फुसफुसेपर्यंत थांबू नका. समोरासमोर न बघता मागे सरका, पन्नास-साठ मीटर मोकळं सोडा आणि तो हलेपर्यंत बसून राहा. ही वीस मिनिटंही शिल्लक भागातलीच.

अंधार पडलाच तर डोक्याला लावायची बॅटरी हवी, फोनची नको. फोन हातात धरून उतरताना तोल सांभाळायला हात उरत नाही. वाट स्पष्ट असेल तर सावकाश चाला. कडा, घळ किंवा फाटा मध्ये असेल तर जिथं आहात तिथंच वारा न लागणारी जागा बघून, पिशवीवर बसून, सगळे एकत्र रात्र काढा. गावात ज्याला सांगून आलात त्याला ‘आठपर्यंत फोन आला नाही तर’ असं नेमकं सांगून ठेवलं असेल, तर शोधणारी माणसं बरोबर डोंगराला येतात.