‘हार्डली’ वापरताय? मग या चुका टाळा

ठाणे स्टेशनजवळ मी इंग्रजीचे क्लास घेते. बॅच बदलते, चुका त्याच राहतात. त्यातली सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे ‘आय वर्क व्हेरी हार्डली’.

गंमत अशी की मराठीत बोलताना हा शब्द कुणीच चुकत नाही. ‘ऐरोली ना? हार्डली पंधरा मिनिटं!’ म्हणजे जेमतेम पंधरा. ‘तो हार्डली येतो क्लासला’ म्हणजे येतच नाही म्हणा ना. पण इंग्रजीत लिहायला बसले, की हीच मंडळी त्याच हार्डलीचा अर्थ ‘मेहनतीने’ करतात.

याचं मूळ ‘फाडफाड इंग्रजी’च्या शॉर्टकटमध्ये आहे. विशेषणाला ‘ली’ चिकटवा, क्रियाविशेषण तयार! स्लो-स्लोली, क्विक-क्विकली, मग हार्ड-हार्डली का नाही? कारण ‘हार्ड’ दोन्हीकडे तसाच राहतो: ‘शी वर्क्स हार्ड.’ ‘फास्ट’चंही तेच, ‘फास्टली’ लिहू नका. पण पहिल्याच आठवड्यात मुलाखत द्यायची घाई असलेल्यांना अपवाद ऐकायचे नसतात.

महाप्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीला अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहायचं होतं. ‘पाठवण्याआधी मला दाखव’ म्हटलं होतं, पण बाईसाहेबांनी रात्रीच सबमिट केलं. ‘आय वर्क्ड हार्डली ऑल इयर.’ खाली मॅनेजरचा शेरा, ‘आय अ‍ॅग्री.’ मला फोन आला तो खुशीतच, ‘मॅडम, सरांनी मान्य केलं!’ मी म्हटलं, ‘अगं, तू लिहिलंयस की वर्षभर जेमतेमच काम केलं. तेच मान्य केलंय त्यांनी.’

मोबाइलच्या स्पेलचेकला यात काही खटकलं नाही, खटकणार तरी काय? स्पेलिंग बरोबर, फक्त अर्थ उलटा. म्हणून माझ्या क्लासमध्ये ॲप नाही, पेन्सिल चालते. वहीत हार्डली दिसला की त्याच्या डोक्यावर ‘जेमतेम’ किंवा ‘क्वचितच’ लिहायचं आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. कान आपोआप अडतो.

‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ हेही नको. हार्डलीत नकार आधीच आहे. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत फोन आला तर ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ म्हणा. त्याच नकारामुळे ‘ही हार्डली कम्स’च्या शेवटी ‘डझ ही?’ येतं, ‘डझन्ट ही?’ नाही.

‘हार्डली हॅड आय रीच्ड द स्टेशन’ची हौस असेल तर पुढे ‘व्हेन’ लावा: ‘व्हेन द ट्रेन लेफ्ट’. ‘दॅन’ लागतो तो ‘नो सूनर’ला. खरं सांगायचं तर साधं वाक्य जमेपर्यंत या भानगडीत पडूच नये.

आणि ‘लेटली’ म्हणजे हल्ली, उशिरा नव्हे. ‘आय केम लेटली’ म्हणत दारात उभे राहणाऱ्यांना मी आधी आत घेते, मग झापते.