नांदूर मध्यमेश्वरला फोटोग्राफी सहलीला जाताय? या चुका टाळा

नाशिकहून नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलेल्या अनेकांची तक्रार एकच असते: पक्षी भरपूर दिसले, पण धारदार फोटो एकही नाही. दोष लेन्सवर येतो आणि पुढच्या हंगामाआधी महागडी नवी लेन्स घेतली जाते. बहुतेक वेळा लेन्स ठीकच असते. चुकते ती वेळ, अंतर आणि मधली हवा. या तिन्ही गोष्टी मार्गदर्शकाशी आधी नीट बोलून घेतल्या तर बऱ्याच सुधारतात.

फक्त सुट्टी बघून तारीख ठरवणं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गोदावरी-कादवा संगमावरचा हा जलाशय मुळात सिंचनाचा बंधारा आहे, हे विसरलं जातं. इथून कालवे निघतात, त्यामुळे आवर्तनानुसार, म्हणजे शेतीला पाणी सोडण्याच्या पाळीनुसार, पाण्याची पातळी वरखाली होते. पाणी तुडुंब असलं की बदकं मधोमध, पार लांब बसतात. पाणी उतरून काठाचा चिखल उघडा पडला की तुतवार, शेकाट्या, चमचे, शराटी हे पाणपक्षी काठाकडे चरायला येतात आणि मध्यम लेन्सलाही चित्र मिळतं. म्हणून बुकिंगआधी चापडगावच्या स्थानिक मार्गदर्शकाला फोन करून दोनच गोष्टी विचारा: सध्या पाणी किती आहे, आणि पक्षी कोणत्या निरीक्षण मनोऱ्यासमोर आहेत? शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तमच. मनोऱ्यावर गर्दी असली की पाय ठेवायला जागा उरत नाही.

एका मार्गदर्शकामागे किती जण असणार, हेही पैसे भरण्याआधी विचारा. चार-पाचांपेक्षा जास्त असतील तर चांगली जागा आळीपाळीनेच मिळणार, हे धरून चला.

उशिरा पोहोचणं

डिसेंबरअखेर नाशिकला सूर्योदय सात वाजून काही मिनिटांनी होतो. अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर. शेवटचा टप्पा गावच्या रस्त्यांचा आणि हंगामात वाटेत उसाच्या ट्रॉल्या लागतात. साडेपाचच्या आत नाशिक सोडलं तरच पहिला उजेड हाती लागतो. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, काठावरची हवा थरथरू लागते आणि मग कोणतीही लेन्स दूरच्या पक्ष्याचं पीस दाखवू शकत नाही. सकाळी सूर्य पाठीशी हवा, म्हणजे तोंड पश्चिमेकडे. सकाळी कोणता मनोरा आणि संध्याकाळी कोणता, हे आदल्या रात्रीच ठरवून घ्या.

थंडीची तयारी अर्धवट असते, तीही नडते. अभयारण्य ज्या तालुक्यात आहे त्या निफाडचा पारा राज्यातल्या नीचांकांमध्ये असतो. बधिर बोटांनी शटर नीट दाबलं जात नाही आणि बॅटरीही लवकर उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

फोटो मऊ (धूसर) का आला, हे न तपासणं

सहलीतच, पहिल्या तासाभरात, स्क्रीनवर फोटो पूर्ण मोठा करून बघा. धूसरपणा चार प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हलला आहे. मनोऱ्यावर हे फार होतं, कारण शेजारी कोणी चाललं की फरशी आणि कठडा दोन्ही थरथरतात. ट्रायपॉड ही थरथर जशीच्या तशी लेन्सपर्यंत नेतो. कठड्यावर दोन-तीन किलो तांदूळ किंवा मूग भरलेली पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा आणि सोबत्यांना दोन मिनिटं न हलता उभं राहायला सांगा.

डोळा स्पष्ट पण पंख पुसट असेल तर शटरचा वेग कमी पडला. उडत्या बदकासाठी १/२५०० सेकंदाच्या आसपास ठेवा. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढला तरी घाबरू नका. त्यामुळे चित्रात येणारे दाणे नंतर कमी करता येतात, पुसट पंख नाही.

मागचं गवत स्पष्ट आणि पक्षी पुसट? मग फोकस चुकला. फोकसचं क्षेत्र लहान करा, हलत्या पक्ष्यामागे फिरत राहणारा कंटिन्युअस फोकस चालू ठेवा.

आणि कडा लहरत असतील, एकाच सेकंदातल्या दहा फोटोंत प्रत्येकाचा आकार किंचित वेगळा असेल, तर दोष हवेचा. इथे सेटिंग बदलून काही होत नाही. अंतर कमी करा किंवा थांबा. याचाच एक फसवा प्रकार गाडीत घडतो. हीटर लावून काच खाली केली की आतली उबदार हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते आणि जवळचा पक्षीही मऊ येतो. फोटो काढण्याच्या दहा मिनिटं आधी हीटर बंद करून सगळ्या काचा खाली घ्या. लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टरही काढून ठेवा.

पांढरे पक्षी जळणं, काळे पक्षी नुसती सावली होणं

गडद पाण्यावरचा बगळा किंवा चमचा कॅमेऱ्याला कळत नाही. तो चित्र उजळवतो आणि पिसांचा तपशील जातो. एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) ०.७ ते १ स्टॉप कमी करा. पांढुरक्या धुक्यात किंवा आभाळावर उडणारा पक्षी असेल तर उलट १ ते १.५ स्टॉप वाढवा. जोडून ममदापूरच्या काळवीट राखीव क्षेत्रात गेलात, तर तिथल्या माळावर काळविटाचा नर वरून काळा, पोटाकडून पांढरा असतो. तिथे हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेड-अंधाराचा आलेख) पाहून पांढरा भाग वाचवा.

येवला तालुक्यातल्या या राखीव क्षेत्रातली आणखी एक चूक म्हणजे गाडीतून उतरणं. काळविटं गाडीला जितकं जवळ येऊ देतात, तितकं उभ्या माणसाला देत नाहीत. इंजिन बंद करा, आवाज न करता बसा.

पक्षी उडवायला सांगणं

ही चूक सर्वांत वाईट. टाळ्या वाजवणं, खडा मारणं, मोबाइलवर पक्ष्याची हाक लावणं, मार्गदर्शकाला 'जरा पुढे जाऊन उठवा ना' म्हणणं, यातलं काहीही करू नका. पट्टकदंब (बार-हेडेड गूज) हिमालय ओलांडून इथे येतो आणि थंडीत पुन्हा अंगावर चरबी चढवत असतो. नाहक घेतलेली प्रत्येक भरारी त्याच्या साठवणीतून जाते. १९८६ पासून अभयारण्य असलेली आणि २०२० मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालेली ही जागा त्याच्या विसाव्यासाठी राखलेली आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोनही आणू नका.

थव्याचा फोटो हवा असेल तर दलदल हारिण (मार्श हॅरियर) या शिकारी पक्ष्यावर नजर ठेवा. तो पाण्यावरून खाली झेपावत आला की बदकं आपणहून उठतात. लेन्सचं छिद्र एफ/८ आणि शटर १/२५०० आधीच लावून ठेवा, म्हणजे पुढच्या-मागच्या रांगा बऱ्यापैकी स्पष्ट येतील.

परतताना बॅग लगेच उघडणं

गार पडलेला कॅमेरा उबदार खोलीत बाहेर काढला की काचेवर आणि आतही दव धरतं. ही ओल पुढे बुरशीला निमंत्रण देते. कार्ड बाहेरच काढून घ्या, कॅमेरा बॅगेत बंद करा आणि बॅग खोलीत तासभर तशीच राहू द्या. तोवर फोटो दोन ठिकाणी उतरवून होतात. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.