ट्रॉल्या करताय? आधी परात मोजा, आणि या चुका टाळा

ट्रॉल्यावाला घरी येतो, ओट्याखालची मापं घेतो, कॅटलॉग उघडतो आणि आपण "ही कटलरीची, ही कपबशीची, ही थाळी बास्केट" असं सांगून मोकळे होतो. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ओटा मोजला, भांडी कुणीच मोजली नाहीत. आमच्याकडे महिनाभरात परात फ्रिजवर गेली आणि कुकर ओट्यावर आला, कारण बास्केट त्याच्या शिट्टीपेक्षा बोटभर बुटकी निघाली.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एक दुपार काढा. सगळी भांडी जमिनीवर मांडा आणि टेप लावा. कुकर शिट्टीसकट मोजा, कढई कानांसकट, तेलाचा डबा झाकणासकट. वर इंचभर मोकळं धरून मगच बास्केटची उंची ठरवा. रोजचं हाताशी, जड असेल ते खाली. सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र यांना खालची ट्रॉली देऊ नका, त्यांची जागा माळ्यावर. एवढं केलं की निम्म्या ॲक्सेसरीज नकोच आहेत हे आपलं आपल्यालाच कळतं.

जुन्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फरशा असतात आणि त्या क्वचितच ओळंब्यात असतात. समोर 18 इंच भरणारा खण मागे पावणेअठरा निघतो. पुढे, मध्ये, मागे मोजा आणि सगळ्यात कमी भरेल ते माप धरा. ट्रॉली ज्यावर सरकते त्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणजे ट्रॉली खणापेक्षा इंचभर अरुंद हवी. जागा कमी पडली तर ती घासते, जास्त राहिली तर चॅनेल ताणलं जाऊन ट्रॉली डुगडुगते.

ट्रॉली अडकली तर हिसका देऊ नका. बहुतेक वेळा आतला झारा नाहीतर पळी उभी राहून वरच्या पट्टीला अडलेली असते. ट्रॉली जेमतेम उघडेल तेवढ्या फटीतून उलथनं सारा, दांडा खाली दाबा आणि मग ओढा. नीट बंद होत नसेल तर मागे चमचा किंवा मसाल्याचं पाकीट पडलंय का बघा. त्यासाठी ट्रॉली बाहेर काढावी लागते. ती रिकामी करा, पूर्ण ओढा. दोन्ही चॅनेलांवर एकेक काळी प्लास्टिकची कळ दिसेल. साधारणपणे एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली दाबायची असते. दोन्ही एकाच दिशेला दाबत बसलं की ती निघत नाही आणि कळ मात्र तुटते. चॅनेल कोरड्या फडक्याने पुसा. खोबरेल तेल अजिबात नको, त्यावर पीठ आणि धूळ बसून चिकटा होतो.

"स्टेनलेस म्हणून घेतलं, तरी गंजलं," ही तक्रार घरोघरी आहे. आधी सिंकखाली बघा. तिथे फरशीच्या ॲसिडची बाटली असेल तर झाकणातून निघणारी थोडी थोडी वाफ बंद कपाटात कोंडते आणि जाळीचे जोड, चॅनेल खाते. ती बाटली आजच स्वयंपाकघराबाहेर काढा. भांडी निथळल्याशिवाय ट्रॉलीत ठेवू नका, कारण जाळी स्टेनलेस असली तरी चॅनेल बहुधा साध्या लोखंडाचं, वरून मुलामा दिलेलं असतं. आणि लोहचुंबक लावून स्टीलची पारख करू नका. 304 ग्रेडचं स्टील आणि स्वस्तातलं 202 ग्रेडचं, दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

शेवटचं सिलिंडरच्या कपाटाचं. झुरळं येतात म्हणून त्याच्या दाराखालची फट बुजवून टाकतात. ही चूक कृपा करून करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. फट ठेवा, हवं तर तिला बारीक जाळी लावा. आणि रेग्युलेटरपुढे डबे रचू नका. आज रात्री झोपण्याआधी काहीही न हलवता, एका हाताने तो बंद करता येतो का, करून बघा.