सीएसव्ही की एक्सएमएल? आधी डेटा बघा, मग ठरवा

सीएसव्ही म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक नोंद आणि कॉलमच्या मध्ये स्वल्पविराम. एक्सएमएल म्हणजे प्रत्येक माहितीच्या आगेमागे तिच्या नावाची खूण, म्हणजे टॅग, लावलेली फाइल. कोणती घ्यायची? सरळ टेस्ट करा, एक नोंद एका ओळीत बसते का? सोसायटीची मेंबर लिस्ट घ्या, फ्लॅट नंबर, नाव, मोबाइल, मेंटेनन्स भरला की नाही, संपलं. सीएसव्ही करा. एक्सेलमध्ये उघडते, नवीन मेंबर आला की शेवटी एक ओळ टाकायची. एक्सएमएलमध्ये तीच नोंद शेवटच्या बंद टॅगच्या आधी घुसवावी लागते आणि प्रत्येक नावाच्या आगेमागे टॅग, त्यामुळे फाइल उगाच फुगते.

पण एकाच फ्लॅटचे दोन मालक, तीन गाड्या, वर भाडेकरू असं निघालं की गाडी१, गाडी२, गाडी३ असे कॉलम वाढत जातात आणि निम्मे रिकामे. तिथेच थांबा. एकतर गाड्यांची वेगळी सीएसव्ही करून दोन्हीकडे फ्लॅट नंबर ठेवा (मला हेच बरं वाटतं), नाहीतर एक्सएमएल घ्या, त्यात फ्लॅटच्या आत पाहिजे तेवढ्या गाड्या बसतात.

सीएसव्हीत खरी गोची पत्त्याची. पत्त्यात स्वल्पविराम असतोच, म्हणून अख्खा पत्ता डबल कोट्समध्ये टाकायचा आणि आत कोट आलाच तर तो दोनदा लिहायचा. हे नियम आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००५ साली लिहिले गेले, पण सीएसव्ही त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा थोडी वेगळी. म्हणून स्वल्पविरामावर ओळ तोडणारा कोड स्वतः लिहीत बसू नका, पायथन या प्रोग्रामिंग भाषेत सीएसव्ही मॉड्यूल तयार आहे ते वापरा.

मराठी नावं असतील तर एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. आणि फाइल डबल क्लिक करून उघडू नका, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करून फ्लॅट नंबरचा कॉलम टेक्स्ट ठेवा, कारण ००७ चं एक्सेल ७ करून टाकतं. तसंच मार्च१ नावाच्या जीनची (जनुकाची) एक्सेल तारीख करायचं, शेवटी शास्त्रज्ञांनी त्या जीनचंच नाव मार्चएफ१ केलं!

एक्सएमएलची कटकट वेगळी, एक टॅग बंद करायचा राहिला किंवा नावात अँडचं चिन्ह (&) नुसतंच टाकलं की पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, ती वाचायलाच नकार देतो. पण निदान चूक लगेच कळते. सीएसव्हीत एक कोट सुटला तर मोबाइल नंबर गुपचूप दुसऱ्याच कॉलममध्ये जातो आणि कुणाला पत्ताच नसतो, म्हणून फाइल कुणालाही पाठवायच्या आधी प्रत्येक नोंदीत कॉलम सारखेच येतात का ते छोट्या स्क्रिप्टने मोजून घ्या.