बंदूक, बाटली आणि लग्नाची नोटीस : स्वातंत्र्याची प्रतवारी कशी तपासावी

अमेरिकेत अठरा वर्षांच्या मुलाला परवानाधारक दुकानातून रायफल विकण्यास तेथील संघीय कायद्याची आडकाठी नाही. बिअरची बाटली मात्र त्याला एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय विकत मिळत नाही. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातील अभ्यासमंडळात हे सांगितले तेव्हा सगळे हसले. त्यावर एका प्राध्यापिकाबाईंनी विचारले की, सज्ञान मुलीला स्वतःच्या पसंतीने लग्न करण्यास आपल्या कायद्याने कोणाचीही परवानगी लागत नाही आणि बंदुकीला ती लागते. तरीही गावात मान कोणाला मिळतो, भिंतीवर परवान्याची बारा बोअर टांगणाऱ्याला, की नोंदणी पद्धतीने आंतरजातीय लग्न करून आलेल्या मुलीला? या प्रश्नात पुढचे तीन रविवार गेले. समाज काही स्वातंत्र्ये डोक्यावर घेतो आणि काही दाराबाहेर ठेवतो, असे का होते हे तपासण्याची जी पद्धत त्या बैठकांत हाती लागली, ती अन्य वाचनालयांच्या आणि महाविद्यालयांच्या उपयोगासाठी येथे मांडत आहे.

सुरुवात चिठ्ठ्यांनी करावी. प्रत्येकाने आपल्याला सर्वांत मोलाची वाटणारी पाच स्वातंत्र्ये क्रमाने लिहावीत आणि चिठ्ठीवर नाव घालू नये. येथे एकच पथ्य कसोशीने पाळावे : पाठ्यपुस्तकातील शब्द चालणार नाहीत. 'भाषणस्वातंत्र्य' असे न लिहिता 'ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारणे' असे लिहावे. 'संचारस्वातंत्र्य' असे न लिहिता कोणी, कोठे आणि किती वाजता जायचे ते लिहावे. मोठे शब्द सगळ्यांनाच मान्य असतात, त्यामुळे त्यांच्यावर वाद होत नाही आणि वाद झाला नाही तर काही कळतही नाही.

त्यानंतर फळ्यावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात कायद्याची परवानगी लागते का ते लिहावे आणि दुसऱ्यात घराची, भावकीची किंवा गावाची लागते का ते लिहावे. बंदुकीच्या बाबतीत पहिला रकाना भरगच्च होतो : १९५९ चा शस्त्र अधिनियम, जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, मुदत संपली की नूतनीकरण. दुसरा रकाना जवळजवळ कोरा राहतो. लग्नाच्या बाबतीत नेमके उलटे घडते. १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमात परवानगी नाही, केवळ तीस दिवसांची नोटीस आहे. परंतु ती नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि लहान गावात तो फलक कोण वाचतो हे सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या रकान्यात वडील, चुलते, मामा आणि समाजाचे पंच अशी रांगच लागते. जातपंचायतीच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट या रकान्यात ठळक अक्षरात लिहावी.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची असल्यामुळे तिला एक अख्खी बैठक द्यावी. प्रत्येक स्वातंत्र्याला विचारावे की, ते कोणाच्या भीतीपोटी मागितले गेले? अमेरिकेतील वसाहतींचा दारूगोळा जप्त करण्यासाठी एप्रिल १७७५ मध्ये इंग्रज फौज निघाली आणि लेक्सिंग्टन व कॉन्कर्ड येथे चकमकी होऊन युद्धाला तोंड फुटले. त्या आठवणीच्या सावलीत १७९१ ची, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती झाली. तिच्या मजकुरात नागरी पथकाचा, म्हणजे सामान्य नागरिकांच्या सशस्त्र दलाचा, उल्लेख आहे, आणि त्यामुळे हा हक्क पथकाचा की व्यक्तीचा हा वाद दीर्घकाळ चालला. २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा ठरवला. तेथे बंदूक हे सरकारच्या भीतीवरचे उत्तर म्हणून रुजले, आणि भीती ओसरली तरी उत्तर उरले.

आपल्याकडेही ही भीती होती, हे आपण विसरलो आहोत. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसावर परवान्याची सक्ती आली आणि युरोपीय लोकांना तीतून सूट मिळाली. हा अपमान काँग्रेसने वर्षानुवर्षे बोलून दाखवला. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क स्पष्टपणे घातलेला आहे. मात्र डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. स्वराज्यात शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राज्यासाठी शस्त्र हाती घेण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, असा त्यांचा रोख होता. सभेने दुरुस्ती फेटाळली आणि अनुच्छेद १९ मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आला. परक्याचे राज्य जाऊन आपले आले आणि ज्याची भीती होती तोच उरला नाही. फाळणीच्या रक्तपातानंतर भीती शेजाऱ्याच्या हातातील शस्त्राची होती, असे मला वाटते. तरीही जेथे इतिहास शस्त्राशी घट्ट बांधलेला होता तेथे वाट ठेवली गेली : शिखांचे कृपाण अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात आहे आणि कर्नाटकातील कोडगूच्या कोडव समाजाला बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे.

या टप्प्यावर खानदेशाचे उदाहरण अवश्य घ्यावे, कारण ते पुस्तकात शोधावे लागत नाही. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा सातपुड्यातील भिल्लाच्या हातातील तीर-कामठी त्यांच्या लेखी बंडाची खूण होती. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली आणि त्याच माणसांच्या हाती सरकारी बंदूक देताच त्याचे नाव बंदोबस्त झाले. पुढे १८५८ मध्ये अंबापाणीला भिल्ल पुन्हा इंग्रज फौजेसमोर उभे ठाकले आणि शब्द पुन्हा बदलला. शस्त्र बाळगण्याला हक्क म्हणायचे, गुन्हा म्हणायचे की नोकरी, हे हत्यारावरून ठरत नसून ते कोणाच्या हातात आहे यावरून ठरते, हे मुलांना या एका उदाहरणात समजते.

चर्चेत कोणीतरी 'त्यांची संस्कृतीच तशी' असे म्हणून विषय मिटवू पाहील. तेथे थांबू नये. बंदुकीला जीव की प्राण मानणाऱ्या त्याच अमेरिकेने १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी केली होती, आणि यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपीसारख्या राज्याने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली होती. तेव्हा संस्कृतीचे नाव घेणाऱ्याला इतकेच विचारावे की, कोणाची संस्कृती?

मग खर्चाचा हिशेब मांडावा : स्वातंत्र्य एकाचे असेल तर किंमत कोण मोजतो? आमच्या मंडळात रावेरकडचे एक केळी बागायतदार आहेत. रानडुकरांच्या त्रासामुळे त्यांच्या घरी पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते, आणि डुकरे आचारसंहिता पाळत नाहीत, असे ते म्हणतात. त्यांची तक्रार रास्त आहे. दुसरीकडे वरातीत बार काढणाऱ्याची हौस एकाची आणि गोळी दुसऱ्याला, म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने तो स्वतंत्र गुन्हा ठरला. एकाच वस्तूचे दोन वापर एकाच तागडीत घालू नयेत.

दारूचा हिशेब तर बायकांनी आधीच मांडून ठेवला आहे. गावातील महिलांनी मतदान मागून 'आडवी बाटली' बहुमताने निवडली की परवान्याचे दुकान बंद होते. पिणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि त्याची किंमत मोजणाऱ्या घराचे म्हणणे एकाच मतपत्रिकेवर आणणारी अशी सोय आपल्याकडे बंदुकीच्या वादात दिसत नाही. शक्य असल्यास विद्यार्थ्यांना एकदा नवापूरच्या रेल्वे स्थानकावर न्यावे. तेथील एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. या टोकाला बसलेल्याची परवान्याची बाटली कायदेशीर असते. तो दोन हात सरकला की दारूबंदीच्या राज्यात जातो. माणूस तोच, तहान तीच. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली आणि सीमेची रेघ स्थानकातून गेली, एवढेच त्या बाकाचे कारण आहे.

शेवटच्या बैठकीत पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या उघडून मोजाव्यात, परंतु केवळ कोणते स्वातंत्र्य किती वेळा आले हे न मोजता कोणते कोणी लिहिलेच नाही हेही पाहावे. आमच्याकडे एकवीस चिठ्ठ्या होत्या. बंदूक एकीवरही नव्हती, हेल्मेट न घालण्याचे स्वातंत्र्य तिघांनी लिहिले होते, आणि दोन चिठ्ठ्यांवर 'रात्री नऊनंतर बसस्थानकावरून एकटीने घरी येणे' हे पहिल्या क्रमांकावर होते. त्या दोन चिठ्ठ्या आम्ही फळ्यावर लावल्या आणि पुढच्या महिन्याचा विषय म्हणून तेच वाक्य सूचना फलकावर लिहिले.